बीं दोघांचें आहे
(पाचोरा तालुक्यांतील एका खेड्यांत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आपण कपाशी-ज्वारी पेरणारीं माणसें, म्हणून पेरणीपासूनच बोलतों. पुरुष हा बीं आणि बाई म्हणजे शेत, असें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत लिहिलें आहे. तीच समजूत आपल्या घरांत बसली. मूल नाहीं तर शेत नापीक. मुलीच झाल्या तर शेत वाईट! सारा दोष सुनेच्या माथीं. माझ्या वर्गांत चार बहिणींपैकीं तिसरी मुलगी बसते. तिच्या बापाला दुसरी बायको करण्याचा सल्ला देणारे शहाणे याच गांवांत आहेत.

त्यांनीं ऐकावें. बीं बाईजवळही असतें. सस्तन प्राण्यांच्या मादीचें बीजांड फॉन बेअर या विद्वानानें १८२७ सालीं दाखविलें. पुढच्या पाळीपूर्वीं सुमारें १४ दिवस तें सुटतें व जेमतेम एक दिवस टिकतें. पुरुषाचें बीज पांच दिवसांपर्यंत जगूं शकतें. दोघांची गांठ गर्भाशयाबाहेरील नळींत पडते. आईचीं २३ व बापाचीं २३ गुणसूत्रें एकत्र येतात, वांटणी निम्मी-निम्मी. मुंबईच्या केईएम रुग्णालयांत तर दोन्ही बीजें शरीराबाहेर मिळवून झालेली मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजीं जन्मली. मूल होत नसेल तर दोष बाईंत असेल, पुरुषांत असेल किंवा दोघांतही. म्हणून तपासणी दोघांची व्हावी.

आईचें गुणसूत्र एक्सच असतें. बापाकडून एक्स आलें तर मुलगी, वाय आलें तर मुलगा. पण कोणतें यावें हें बापाच्याही हातीं नाहीं. मग सुनेला बोल कां?

फळलेलें बीं एकाचे दोन, दोहोंचे चार भाग होत गर्भाशयांत उतरतें आणि सहा ते दहा दिवसांत तेथें रुजतें. तीन आठवड्यांच्या सुमारास काळीज हलूं लागतें. चार आठवड्यांत मेंदू व कणा यांची नळी मिटते. तोंवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात! म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्यापूर्वींपासूनच घ्यावी. सासूबाई, दृष्ट लागेल म्हणून तीन महिने गोष्ट लपवूं नका. पाळी चुकतांच आशाताईला सांगा. ओटीपोटांत जोराची कळ, रक्तस्राव किंवा घेरी आली, तर गर्भ नळींतच रुजला असण्याचा संभव असतो. त्या क्षणीं दवाखाना गांठा.

बीं दोघांचें आहे. मग काळजीही दोघांनीं वाहावी, आणि मुलगी आली तर पेढे दोघांनीं वांटावे.