पावसाचे पाणी आणि शेजारधर्म

दक्षिण प्रशांत महासागरातील टोंगा हे राज्य सुमारे १७० बेटांचे आहे. त्यांपैकी ३६ बेटांवर मनुष्यवस्ती असून एकंदर लोकसंख्या एक लाखाच्या घरात आहे. माड, मासळी आणि अळूची शेते पाहून कोकणच्या माणसाला तेथे परके वाटू नये. मात्र टोंगाटापू या मुख्य बेटावर एकही नदी नाही. पडलेला पाऊस पोवळ्याच्या खडकात मुरून जातो. म्हणून छपरावरचे पाणी पन्हळीने टाकीत उतरवावयाचे आणि ते वर्षभर जपून वापरावयाचे, ही तेथील रीत. गावात चर्चचे छप्पर मोठे, तेव्हा पाण्याचा साठाही तेथे मोठा. धर्मसेवा आणि जनसेवा यांचे नाते समजावयास ही टाकी पुरेशी आहे.

मिशनऱ्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. पोखरलेल्या लाकडाचा ‘लाली’ नावाचा नगारा किंवा चर्चची घंटा वाजते आणि लोक प्रार्थनेस जमतात. मग शाळा भरते. टोंगातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार आजही निरनिराळ्या चर्चच्या शाळांवर आहे. शाळेनंतर आजाऱ्यांची विचारपूस. मधुमेहाने त्या बेटांना ग्रासले आहे. पायाची न भरणारी जखम धुणे, पट्टी बांधणे, पथ्याची आठवण देणे ही कामे संपत नाहीत. तरुण मुले मजुरीसाठी न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात गेलेली असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना औषधाइतकीच दोन घटका जवळ बसणाऱ्या माणसाची गरज असते. या कामांत नाव घेण्यासारखे काही नाही; पण ती एक दिवस थांबली तर गावाला कळते.

ही परंपरा जुनी आहे. मारिस्ट संघाचे फ्रेंच धर्मगुरू जोसेफ शेव्हराँ १८४२ साली टोंगात उतरले आणि १८८४ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. उपदेश करण्याआधी त्यांना लोकांची भाषा शिकावी लागली. गुरूला प्रथम शिष्य व्हावे लागले. मेथडिस्ट पंथाचे जेम्स ईगन मोल्टन यांनी १८६६ साली टुपू कॉलेज स्थापन केले. सुरांना अंक देऊन त्यांनी तयार केलेली स्वरलेखनाची पद्धत टोंगाचे गायकवृंद आजही वापरतात. याच इतिहासाला काळी बाजूही आहे. पंथापंथांतील स्पर्धा राजकारणात मिसळली आणि १८५२ साली पेआ गावाला वेढा पडला. प्रेमाचा संदेश घेऊन आलेल्यांनाही एकमेकांचे शेजारी व्हावयास वेळ लागला.

शेजार कसा करावा हे मिशनऱ्यांना बहुधा टोंगाच्या लोकांनीच शिकविले. रविवारी तेथे दुकाने बंद असतात. त्या दिवसाचे पावित्र्य राज्यघटनेनेच राखले आहे. सकाळीच जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर ‘उमू’ लावतात. अळूच्या पानांत मांस आणि नारळाचे दाट दूध बांधून केलेला ‘लू’ त्यात शिजतो आणि त्यातला वाटा धर्मगुरूच्या घरी आवर्जून जातो. देण्यासाठी आलेल्या माणसाला रोज असे घ्यावे लागते. त्यामुळे उपकारकर्त्याचा ताठा फार दिवस टिकत नाही. परस्परांस हात देण्याच्या या वृत्तीला टोंगाच्या भाषेत ‘फेटोकोनिआकी’ असा शब्द आहे.

१५ जानेवारी २०२२ रोजी त्या शब्दाची कसोटी लागली. समुद्रातील हुंगा टोंगा–हुंगा हापाई ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि लाटा किनाऱ्यांवर चढल्या. मांगो बेटावरील सर्व घरे वाहून गेली. समुद्राखालची तार तुटल्याने जगाशी बोलणे बंद पडले. छपरांवर राखेचा थर बसला आणि तीच राख पिण्याच्या पाण्यात उतरली. विमानतळाची धावपट्टी माणसांनी फावडी आणि झाडू घेऊन साफ केली. न्यूझीलंडच्या नौदलाचे पाण्याचे जहाज २१ जानेवारीस पोहोचले. तरीही कोरोनाच्या भीतीमुळे बाहेरून आलेल्या मदतनीसांना लोकांत मिसळता येत नव्हते; मदतीचे सामान उतरवून काही काळ तसेच ठेवावे लागे.

अशा वेळी जवळ असतो तो आधीपासून तेथे राहिलेला माणूस. कॅरिटास टोंगा या कॅथलिक संस्थेने संकटासाठी आधीच साठवून ठेवलेले सामान बाहेर काढले. इतर पंथांनी आपली प्रार्थनामंदिरे निराश्रितांना उघडून दिली. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाचे मूल तान्हे आहे, हे परक्या जहाजाला ठाऊक नसते. रोज दारावर जाणाऱ्याला ते विचारावे लागत नाही.

राख पडल्यावर छप्पर झाडावयाचे, टाकीची नळी सोडवून ठेवावयाची, टाकी घासून धुवावयाची आणि मग पावसाची वाट पाहावयाची, एवढेच काम उरते. त्यात एका हाताला झाडू असतो, दुसरा हात शिडी धरून राहिलेल्या शेजाऱ्याचा असतो. मोठ्या सेवेचे दैनंदिन रूप बहुतेक वेळा एवढेच असते.