तूर, दिवा आणि तेजोमेघ

श्रोतेहो, नागपूरहून येणारा महामार्ग जामला फुटतो. एक रस्ता हिंगणघाटकडे जातो, दुसरा चंद्रपूरकडे. चौकात रात्रभर ट्रक, ढाबे आणि दिवे. पण तिथून चार-पाच किलोमीटर आडवाटेने शेतात गेलात, तर डिसेंबरच्या अमावास्येला मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तो आहे मृगातला तेजोमेघ. तिथे वायू आणि धुळीतून नवे तारे जन्म घेत आहेत. आज आपल्याला दिसणारा त्याचा प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी निघालेला आहे.

त्याचे छायाचित्र काढायचे म्हणून मी ८० मिलिमीटर भिंगाची छोटी दुर्बीण घेतली, तिला कॅमेरा जोडला आणि बटण दाबले. ताऱ्यांच्या जागी रेघा उमटल्या! पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. अशा दुर्बिणीतून एक-दोन सेकंदांतच तारा जागचा सरकलेला दिसतो. म्हणून नवख्याने मोठ्या दुर्बिणीच्या मागे लागू नये. आधी ताऱ्यांबरोबर फिरणारी, मोटर बसवलेली भक्कम बैठक घ्यावी. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. जामहून ध्रुव क्षितिजापासून साधारण साडेवीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर दिसतो.

मग व्याधाचा तारा अगदी बारीक टिंब दिसेपर्यंत फोकस जुळवावा. एकच लांब छायाचित्र काढण्यापेक्षा तीस-तीस सेकंदांची साठ काढावीत. झाकण लावूनही तेवढ्याच वेळाची वीसेक काढावीत, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करता येतात. संगणकावर ही छायाचित्रे एकावर एक रचली, की दाणेदारपणा कमी होतो आणि डोळ्यांना राखाडी दिसणारा ठिपका गुलाबी पंख पसरतो. यासाठीची चांगली सॉफ्टवेअर फुकट मिळतात. बैठक परवडत नसेल, तर साध्या तिवईवर कॅमेरा ठेवून पाच-सहा सेकंदांची छायाचित्रे घ्या. कृत्तिकांपासून सुरुवात करा.

माझी खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. शेजारच्या शेतात मोठा हॅलोजन रात्रभर जळायचा. मी तक्रार केली, तेव्हा शेतकरी म्हणाले, "भाऊ, उजेड नाही लावला तं डुकरं तूर ठेवतीन का?" मला उत्तर सुचेना. माझा छंद, त्यांचे वर्षभराचे पीक! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पत्र्याचा डबा कापून दिव्यावर टोपी बसवली. आभाळात जाणारा उजेड धुऱ्यावर पडू लागला. त्यांना शेत अधिक स्पष्ट दिसले, मला आकाश.

हेच पेंचमध्ये मोठ्या प्रमाणावर झाले आहे. तिथल्या गावांतील दिवे खाली तोंड करून बसवले गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला.

छायाचित्र तयार झाले, तेव्हा पहिली प्रत त्या शेजाऱ्यांना दिली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हे आपल्या वावरातूनच दिसलं?" श्रोतेहो, दुर्बीण बाजारात मिळते. अंधार मात्र शेजाऱ्यांशी बोलूनच राखावा लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)