ताई परत वॉर्डात गेली

आज कोडिंग, इंटरव्ह्यू, पॅकेज हे सगळं जरा बाजूला ठेवूया. आजची गोष्ट माझ्या ताईची आहे. तिला विचारूनच सांगतोय. फक्त हॉस्पिटलचं नाव घेऊ नकोस म्हणाली, म्हणून घेत नाही.

आम्ही साताऱ्याचे. ताईने जीएनएम केलं आणि सांगलीला एका खासगी हॉस्पिटलात लागली, एनआयसीयूमध्ये. म्हणजे कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात ना, तिथे. नऊ वर्षं तेच काम. किलोभर वजनाच्या बाळाच्या हाताला शीर सापडत नसली की डॉक्टरसुद्धा तिलाच हाक मारायचे. मॉनिटर वाजायच्या आधी बाळाचा रंग बघून तिला कळायचं की काहीतरी बिनसलंय. घाबरलेल्या आयांना ती कांगारू केअर शिकवायची, बाळाला छातीशी उघडं कसं धरायचं ते. नाइट करून आली तरी फोनवर बाळांच्या वजनाचे आकडे सांगायची. आज वीस ग्रॅम वाढलं रे, असं. मला ते क्रिकेटच्या स्कोअरसारखं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी तिला नर्सिंग सुपरवायझरची ऑफर आली. पगार 21 हजारांवरून 30 हजार. नाइट जवळजवळ बंद. ती दोन दिवस गप्प होती. मीच म्हणालो, "ताई, ह्यात विचार काय करायचाय? आमच्याकडे एवढ्यासाठी लोक कंपनी बदलतात." आप्पा तर खूशच. पोरगी साहेब झाली, हे त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगितलं.

ती सुपरवायझर झाली आणि बाळांचे आकडे बंद झाले. आता काय, तर ड्युटी रोस्टर, सुट्टीवरून भांडणं, एनएबीएचच्या फायली, औषधांचे इंडेंट. आणि माणूस कमी पडलं की कुणाला तरी सांगायचं, आज तू डबल ड्युटी कर. जिच्याबरोबर काल डबा खाल्ला तिलाच हे सांगायचं. ताईला फायलींचा कंटाळा यायचा, पण ह्या एका वाक्याने तिची झोप गेली. आणि गंमत बघा, मी पुण्यात हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. ज्या रोस्टरच्या स्क्रीनला ती शिव्या घालायची, तसलीच स्क्रीन मी बनवतो. मी ऐकून घ्यायचो. बोलणार काय?

तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या क्षेत्रातला फरक दिसला. आमच्याकडे माणसं सांभाळायची नसतील तरी वर जाता येतं. सीनियर, स्टाफ, प्रिन्सिपल इंजिनिअर, म्हणजे कोडच लिहायचा आणि पगार वाढवत न्यायचा. सगळीकडे नाही, पण वाट आहे. नर्सिंगमध्ये आपल्या सरकारी पदांची नावंच बघा. अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. प्रत्येक पायरीला पेशंटची कॉट थोडी लांब जाते. सर्जनचं तसं नसतं. तो कितीही मोठा झाला तरी त्याच्या हातात चाकू राहतो. नर्स मोठी झाली की हातात रजिस्टर येतं.

ह्याचं उदाहरण सांगली-मिरजेतच आहे. डॉक्टर विल्यम वानलेस, कॅनडाचे, वैद्यकीय शिक्षण न्यूयॉर्कला. 1889 मध्ये भारतात आले, सुरुवात सांगलीत केली, आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. जवळजवळ चाळीस वर्षं ह्याच भागात काढली. 1928 मध्ये 'सर' झाले. म्हणजे गाव सोडलं नाही, ऑपरेशन टेबलही सोडलं नाही, आणि मान मिळायचा तो मिळाला. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, तुमच्यातल्या कितीतरी जणांची बस तिथून रोज जाते. त्या हॉस्पिटलात रात्ररात्र जागलेल्या नर्सच्या नावाने एखादी वाडी आहे का? मला तरी माहीत नाही.

अमेरिकेत पॅट्रिशिया बेनर नावाच्या नर्सिंगच्या अभ्यासिकेने 1984 मध्ये नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली तज्ज्ञ नर्स म्हणजे ऑफिसात बसलेली नव्हे, तर पेशंटकडे बघून ओळखणारी. मी ते ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे पगार ठरवणाऱ्याला वाचून दाखव."

चौदा महिन्यांनी ती परत एनआयसीयूत गेली. स्वतः लिहून दिलं. पगार 23 हजारांवर आला. आप्पा आठ दिवस बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "चढलेली पायरी कोण उतरतं व्हय?"

इथे गोष्ट संपवली तर ऐकायला छान वाटेल. पण ताई आता चौतीसची आहे. नाइटनंतर कंबर धरते. पंचेचाळीसाव्या वर्षी महिन्याला आठ नाइट कोण करणार? आवडतं म्हणून कमी पगारात राहा, हे मी एसीत बसून तिला कुठल्या तोंडाने सांगू? आधी वर जा म्हणून सांगणाराही मीच होतो.

एक वाट दिसतेय. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स आहे, दोन वर्षांचा, पदव्युत्तर. पेशंटजवळ राहूनच वर जायचं, अशी त्यामागची कल्पना. पण त्याला बीएससी लागते, आणि ताई जीएनएम. म्हणजे आधी दोन वर्षं पोस्ट बेसिक, मग ही दोन. एकूण चार वर्षं. आणि नंतर त्या हुद्द्याची जागा कुणी देईल का? तिने सांगलीत दोन हॉस्पिटलांत विचारलं. दोन्हीकडे उत्तर एकच, "बघू."

गेल्या रविवारी मी तिला म्हणालो, फी मी भरतो, घराचा हप्ताही मी बघतो, तू फॉर्म भर. ती हसली. म्हणाली, "तुझ्या पैशाने शिकले, की मी काय करायचं हे परत तूच सांगणार."

फॉर्म अजून भरलेला नाही. काल रात्री मात्र मेसेज आला होता. पंचवीस ग्रॅम.