दुसरी खेप

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रोवणी अजून पुरती आटोपली नाही. कित्येकांच्या पायाचा चिखल वाळलेला नाही, तरी तुम्ही आलात. धानाचा भाव, खत, तलावाचं पाणी हे विषय आज आहेतच. त्याआधी मला थोडा वेळ द्या. २ ऑगस्ट हा हवालदार नामदेव जाधव यांचा स्मृतिदिन. त्या निमित्तानं एका फौजी माणसाची आणि त्याच्या घराची गोष्ट सांगायची आहे.

नामदेव जाधव पूर्वीच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. जन्म १८ नोव्हेंबर १९२१. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेत सुमारे २५ लाख माणसं होती. राज्य इंग्रजांचं, लढाई इंग्रजांची, आणि भरतीच्या रांगेत पोरं मात्र खेड्यापाड्यातली. शेतात घर चालत नाही म्हणून एक पोरगा पलटणीत पाठवायचा, हा हिशेब तुमच्या-माझ्या घरांना नवा नाही. नामदेव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते आणि कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे निरोप्या. साहेबाचा हुकूम पुढच्या तुकडीला पोचवायचा, तिकडची खबर मागे आणायची.

९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ. इटलीत सेनिओ नावाची नदी आहे. नदी कसली, आपल्या नाल्याएवढी. रुंदी १५ फूट, पाणी चार-पाच फूट. पण दोन्ही अंगांना पुराचं पाणी अडवणारे मातीचे बांध ३० ते ३५ फूट उंच. आपल्या मामा तलावाची पाळ डोळ्यांसमोर आणा आणि ती त्याहून उभी करा. हे बांध पोखरून जर्मनांनी आत ठाणी केली होती. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या अंगाला सुरुंग पेरले होते. नामदेवांची टोळी पाण्यातून पलीकडे निघाली, तोच ज्या बांधावरून ती उतरली होती त्याच बांधातल्या मशीनगनी पाठीमागून सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे ठार. धडधाकट उरले एकटे नामदेव. वय २३.

आता नीट ऐका. या माणसानं पहिल्यांदा बंदूक चालवली नाही. एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, त्या उभ्या बांधावरून सुरक्षित जागी नेलं. तोफगोळे आणि गोळ्या पडतच होत्या. तिथं थांबले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण दुसरा अजून पलीकडे होता. नामदेव परत गेले. दुसऱ्यालाही घेऊन आले.

मग तिसऱ्यांदा गेले, ते ठाणी मोडायला. पहिलं ठाणं टॉमीगननं बंद केलं. हाताला गोळी लागली, गन चालवता येईना, तेव्हा ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेऊन आणखी दोन ठाणी मोडली. बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन सोबत्यांकडून आणले. शेवटी त्याच बांधावर उघडे उभे राहून मराठ्यांची गर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हातानं खुणावून नदीपार बोलावलं. यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी, १० जुलै १९४४ ला, याच रेजिमेंटचे रायगडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीतच पडले होते. त्यांचा क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आला. नामदेव मात्र जगले. २ ऑगस्ट १९८४ ला पुण्यात वारले.

म्हणजे त्या संध्याकाळीनंतर ३९ वर्षं. सन्मानाच्या कागदावर एक संध्याकाळ असते. बाकीचं आयुष्य घरच्या माणसांकडे असतं. ते कसं असतं, हे मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका फौजी काकांकडे पाहिलं. त्यांना पदक नव्हतं. घरच्यांच्या इच्छेनं नाव सांगत नाही.

काका पेन्शनवर आले तेव्हा दोन एकरांची बांधी, काकू आणि दोन मुली. मी नुकताच कृषी पदवी घेऊन आलो होतो. ओळीत रोवणी करा म्हणून गावोगाव दोरी घेऊन हिंडायचो, लोक हसायचे. काकांनी पहिल्यांदा बांधीत दोरी धरली आणि बायांना म्हणाले, "परेड आहे, हलू नका." सगळ्या हसल्या, पण ओळी सरळ आल्या. पहाटे धुऱ्यावरून एक फेरी, मग मुलींना सायकलवर बसवून शाळेत. पेन्शनीतून त्यांनी मोटार नाही घेतली, मुली शिकवल्या. आपल्या मोर्च्यात ते सर्वांत मागे चालायचे. विचारलं तर म्हणायचे, "साहेब, मागं कोण राहिलं ते पुढच्याला दिसत नाही."

काका गेले. जमीन अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर. काकू पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पिशवीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, मृत्यूचा दाखला. मी त्यांच्यासोबत एका कार्यालयात गेलो. कागद कमी आहे, पुढच्या आठवड्यात या, असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात खरेदी केंद्रासाठी आंदोलन होतं. त्यानंतर सभा होती. त्यानंतर आणखी काही. मी गेलो नाही. काकू चार वेळा एकट्या गेल्या, चार दिवसांची मजुरी बुडाली. सातबारा नावावर नाही म्हणून आधारभूत केंद्रावर त्यांच्या नावानं धान चढलं नाही. त्या वर्षीचं पीक व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावानं गेलं. ज्या भावासाठी मी रस्त्यावर बसलो होतो, तोच माझ्या माणसाच्या घराला मिळाला नाही. काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही एकदा आलात, हेच खूप झालं."

भावांनो, ते खूप नव्हतं. पहिल्या खेपेला सगळेच जातात. तेव्हा उत्साह असतो, लोक पाहत असतात. माणूस ओळखला जातो तो दुसऱ्या खेपेला. मी उशिरा गेलो, पण गेलो. फेरफार झाला. काकूंचं आणि दोन्ही मुलींचं नाव सातबाऱ्यावर चढलं.

यात अवघड कायदा काही नाही. नवरा बिनमृत्युपत्र गेला तर हिंदू वारसा कायद्यानं, म्हणजे १९५६ पासून, बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांचा हक्क सारखा. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देऊन गावच्या महसूल कार्यालयात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. नोंद धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मुलीचं नाव गाळू देऊ नका. माजी सैनिकाचं घर असेल तर पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव बरोबर आहे का, हे तो जिवंत असतानाच पाहा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

१९६५ साली शास्त्रीजींनी जय जवान, जय किसान म्हटलं. आपल्याकडे हे दोघं पुष्कळदा एकाच घरात, एकाच ताटात जेवतात.

दाराशी एक वही ठेवली आहे. आपल्या गावात असं घर असेल तर जाताना लिहा. पहिल्या रकान्यात घर. दुसऱ्या रकान्यात, दुसऱ्या खेपेला त्या बाईसोबत कोण जाणार, त्याचं नाव. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिला लिहू नका.

आता धानाच्या भावाकडे वळू.