आमच्यावर लिहिणारे आणि आमचा सातबारा

(केळापूर तालुक्यातील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण. मंडळींच्या आग्रहावरून पत्रकात देत आहोत.)



गेल्या उन्हाळ्यात आमच्या पोडावर शहरातून अभ्यास करणारी मंडळी आली. तीन दिवस चावडीत राहिली. माणसं चांगली होती, हे आधी सांगतो. छापील कागद काढून ती विचारत होती: देव कोणता? लग्नात काय देता? मोहाची दारू किती पिता? आमच्या एका म्हाताऱ्या मायनं सगळी उत्तरं दिली आणि शेवटी विचारलं, "बाबू, नाल्याकाठचं आमचं वावर सावकार वाहते, थे नाही लिहत का?" त्यांनी कागद उलटापालटा केला. त्यात तो रकानाच नव्हता.

त्या रकान्याबद्दल आज बोलायचं आहे.

आमच्यावर लिहिणं जुनं आहे. इंग्रजांच्या राज्यात रिस्ले नावाचा साहेब माणसांची नाकं मोजून कोण कुठल्या वंशाचा, कोण वरचा, कोण खालचा, हे सांगायचा. तोच १९०१ च्या जनगणनेचा मुख्य अधिकारी. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार जाड खंड काढले. त्यात गोंड आहेत, कोलामही आहेत. पुढं १९५० साली युनेस्कोनं बोलावलेल्या विद्वानांनीच जाहीर केलं की वंशावरून माणसाची अक्कल ठरते याला काही पुरावा नाही. नाकं मोजणं मागं पडलं, पण मोजणाऱ्याची नजर गेली नाही.

मग आपले देशी विद्वान. मुंबई विद्यापीठाचे डॉ. घुर्ये यांनी १९४३ साली आमच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच आम्हाला 'तथाकथित' आदिवासी ठरवलं. त्यांचं म्हणणं, हे मागासलेले हिंदूच आहेत. व्हेरिअर एल्विन म्हणत, यांना यांच्या पद्धतीनं राहू द्या. मोठा वाद झाला. जमीन गेली, जंगल गेलं, हे दोघांनीही लिहिलं होतं. पण गाजला तो आम्हाला काय म्हणायचं याचा वाद. आम्हाला कोणी विचारलं नाही. शेवटी घटना समितीत जयपालसिंग मुंडा यांनी उभं राहून बजावलं की 'बनजाती' नको, आदिवासी म्हणा. आमचा माणूस तिथं होता म्हणून ते बोलणं झालं.

कोणी म्हणेल, नावात काय आहे? नावात काय आहे ते पुसदच्या आंध भावांना विचारा. १९५६ च्या यादीत आपल्या जिल्ह्यातले केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तीनच तालुके होते. तेवढ्यात राहणारा तो आदिवासी. पुसदचा आंध यादीबाहेर. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यातला आंध मात्र यादीत! पोरगी नदीपलीकडे दिली की आदिवासी, अलीकडे राहिली की नाही. ना दाखला, ना शिष्यवृत्ती, ना राखीव जागा. तालुक्याची ही अट १९७६ च्या कायद्यानं उठली. वीस वर्षं गेली. ज्यांची पोरं त्या वीस वर्षांत शाळेतून घरी बसली, त्यांची नुकसानी कोण भरणार?

आता भाषेचं बघा. इमेनो नावाचे अमेरिकेतले पंडित वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांत बसून कोलामी शिकले. १९५५ साली कॅलिफोर्नियात त्यांचं पुस्तक निघालं. काम चोख आहे, आम्ही नाव ठेवत नाही. पण आमची भाषा कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाला समजली आणि पोडावरच्या पहिलीच्या वर्गाला समजली नाही. पोरगं कोलामीत बोललं की हसतात. ते दुसऱ्या दिवशी बकऱ्यांमागं जातं, आणि कागदावर लिहितात, 'यांना शिक्षणाची आवड नाही.'

आम्ही काही जण बारावीपर्यंत पोचलो. समाजशास्त्राच्या तासाला आदिवासी म्हणजे भोळा, अंधश्रद्धाळू, व्यसनी असं शिकवलं आणि सगळा वर्ग आमच्याकडं वळून बघू लागला. परीक्षेत आम्ही तेच लिहिलं. मार्क मिळाले. त्या मार्कांची आजही लाज वाटते.

म्हणून अभ्यासच नको, असं आम्ही म्हणत नाही. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत हायमेनडॉर्फ नावाचे संशोधक आले, तेही गोंड-कोलामांचा अभ्यास करायलाच. १९४० साली तिथं जोडेघाटला कोमराम भीम मारले गेले होते, निजामाचं सरकार हादरलं होतं. हायमेनडॉर्फनी जमिनीचा प्रश्न सरकारपुढं मांडला, पट्टे वाटले गेले. १९४३ साली मारलवाईला गोंडी शिकवणारी शाळा निघाली. भीमच्या लढ्यानं दार उघडलं, लिहिणाऱ्यानं ते उघडं ठेवायला मदत केली. ही त्यातली खरी वाटणी आहे.

आज आपल्या हाती १९७४ चा जमीन परतीचा कायदा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं गेली असेल, तर ती परत मागता येते. पण तहसीलमध्ये तोंडी बोलणं टिकत नाही. वावर कधी गेलं, कोणाच्या नावावर चढलं, आज कोण वाहते, हे कागदावर पाहिजे. जो माणूस तीन दिवस बसून आमच्या लग्नाची रीत लिहितो, तो हेही लिहू शकतो.

तेव्हा शिबिरात आम्ही असं ठरवलं. अभ्यासाला कोणी आलं तर आधी चावडीत सगळ्यांसमोर सांगावं: कशासाठी, कोणासाठी. आमच्या कागदात आधी जमिनीचा रकाना, मग देव आणि दारू. जे लिहिलं ते जाण्याआधी वाचून दाखवावं, एक प्रत नाईकाकडं ठेवावी. पटलं नाही तर 'नाही' म्हणण्याचा हक्क आमचा.

आणि शिकलेल्या पोरापोरींना सांगणं: पुढच्या अमावस्येपर्यंत प्रत्येकानं आपल्या पोडाची यादी करायची. घर, वावर, सातबाऱ्यावरचं नाव आणि खरा वाहणारा. शाईचं पेन लागत नाही, पेन्सिल चालते. त्या म्हाताऱ्या मायचं वावर आम्ही पहिल्या ओळीत लिहिलं आहे.

जोहार!