यंत्राचा डोळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



या मंडळाच्या हळदीकुंकवाला आईचा पदर धरून मी येत असे. आज आपण मला बोलायला उभे केलेत, याचा आनंद वाटतो आणि संकोचही वाटतो. मी डॉक्टरेट करते हे ऐकून परवा एका मावशींनी आपला गुडघा पुढे केला! त्यांची क्षमा मागून सांगते की, माझी डॉक्टरकी माणसांची नव्हे, यंत्रांची आहे. यांत्रिक हाताला डोळे कसे द्यावेत, हा माझ्या अभ्यासाचा विषय.

यांत्रिक हात तसा नवा नाही. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात असा हात कामाला लागला. तापलेले ओतीव भाग तो न थकता उचलून ठेवी. पण तो आंधळा होता. वस्तू नेमल्या जागेपासून वीतभर सरकली, तर आंधळ्या हाताची मूठ हवेतच मिटायची. आता त्याच्या मनगटाशी कॅमेरा बसवतात. कॅमेऱ्यातले चित्र म्हणजे यंत्राच्या लेखी केवळ आकड्यांचे कोष्टक. कोणता ठिपका किती उजळ, एवढेच. त्या आकड्यांवरून वस्तू कोठे आहे, कशी पडली आहे, हे हुडकून हाताला सांगायचे असते.

हे किती अवघड आहे, याचा अनुभव घरीच घ्या. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा सुईच्या पुढून तरी जाईल, नाही तर मागून. दोन डोळ्यांमुळे आपल्याला अंतर कळते, म्हणून यंत्रालाही पुष्कळदा दोन कॅमेरे देतात. शिवाय डोळ्याने पाहिलेली जागा हाताला कळावी लागते. तान्हे मूल खुळखुळ्याकडे हात नेते, चुकते, पुन्हा नेते आणि महिन्या-दोन महिन्यांत शिकते. यंत्राला त्यासाठी काळ्यापांढऱ्या चौकटींचा पट निरनिराळ्या बाजूंनी दाखवून डोळा आणि हात यांचे नाते गणिताने जुळवून द्यावे लागते.

माझे कित्येक महिने एका चकाकीपायी गेले. गुळगुळीत लोखंडी कड्यावरचा उजेड माझ्या यंत्राला भोक वाटे, आणि खरा ओरखडा मात्र दिसत नसे. सुटीत घरी आले असता पाहिले, तर आई घासलेली स्टीलची वाटी खिडकीकडे धरून जराशी तिरपी करत होती. उजेड कडेने आला की तुपाचा ओशट डाग लगेच उठून दिसतो! परत जाऊन मी दिवा वरून काढला आणि बाजूला, खाली लावला. ओरखडा दिसू लागला. शास्त्राच्या पुस्तकात ही युक्ती आहेच. पण मला ती आमच्या मोरीत कळली.

अशा यंत्रांचे मोल कारखान्यापुरतेच नाही. जिथे माणसाने उतरूच नये, तिथे ती उतरावीत. सुरक्षेच्या साधनांशिवाय मैल्याच्या गटारात माणूस उतरवण्यास आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. केरळात २०१८ साली कॅमेरे लावलेले एक यंत्र या कामासाठी पुढे आले. माणूस वर उभा राहून पडद्यावर पाहतो आणि यंत्र खाली घाण उपसते. त्या माणसाच्या घरची बाई या यंत्राला दुवाच देईल.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तासगाव-सांगलीच्या बाजूला बेदाण्याच्या शेडमध्ये काडी, खडा, काळा मणी वेचणाऱ्या बहुतेक बायकाच. आता हेच काम करणारे यंत्र आले आहे. बेदाणा कॅमेऱ्यासमोरून धारेने पडतो आणि नको तो मणी वाऱ्याच्या फुंकरीने बाजूला उडतो. लोक त्याला कलर सॉर्टर म्हणतात. मी ज्या शास्त्राचा अभ्यास करते, त्याचेच हे भावंड. तेव्हा एखादी बाई मला म्हणाली की, "बाई, तुझ्या यंत्राने माझी मजुरी गेली," तर मी मान खाली घालून निघून जाऊ का?

या प्रश्नावर मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. तरुणपणी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत होते. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही असे आढळले आणि ती वाट बंद झाली. मग ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. बेळगावची जागाही सोडावी लागली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचे माळरान दिले, पैशाचेही साह्य केले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. माझे आजोळ आणि माहेर अशीच वाटलेली आहेत. त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागले, हेही आपण विसरू नये.

लक्ष्मणरावांची एक वाट बंद झाली, तेव्हा त्यांच्याजवळ जिद्द होती. पण जागा देणारा हातही मिळाला. बेदाणा वेचणारीजवळ जिद्द कमी नाही. तिला हात कोण देणार?

माझी मंडळाला एकच विनंती आहे. निवडायचे यंत्र आपोआप शहाणे होत नाही. चांगला मणी कोणता, वाईट कोणता, हे नमुने दाखवून त्याला सांगावे लागते, आणि ही पारख वीस वर्षे बेदाणा वेचणाऱ्या बाईइतकी कोणाला असणार? आपल्या ओळखीच्या शेडमध्ये असे यंत्र येणार असेल, तर ते चालवायला त्याच बायकांपैकी दोघींना शिकवा, असा आग्रह मंडळाने मालकांकडे धरावा. शिकण्याच्या दिवसांतली त्यांची मजुरी बुडत असेल, तर तेवढा भार मंडळाने उचलावा. वर्धापनदिनाच्या खर्चातून एवढे सहज निघेल. आणि घरात यंत्राची आवड असलेली मुलगी असेल, तर "मुलीच्या जातीला पाना-पकड कशाला?" असे म्हणू नका. सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. तिथे आपल्या मुली मोठ्या संख्येने दिसाव्यात.

यंत्राला डोळा आम्ही देऊ. त्याने कोणाकडे पाहायचे, हे मात्र आपण सर्वजणींनी ठरवायचे आहे.