तज्ज्ञाच्या तोंडचा शब्द

मंडळी, वर्गात धडा वाचताना एखादा मुलगा 'आ-आ-आई' असे अडखळतो. गुरुजी म्हणतात, "थांब, नीट म्हण." मागच्या बाकावर कोणी फिदीफिदी हसते. आता तुम्ही म्हणाल, यात एवढे काय मोठे? पण बोलण्याचे आणि ऐकण्याचे दोष पाहणारे जे तज्ज्ञ असतात, त्यांच्या व्यवसायनीतीचा बराचसा भाग या 'नीट म्हण'पाशीच येऊन ठेपतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली १९३९ सालची हकीकत ऐका. तिथल्या विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे अभ्यासक होते. ते स्वतः तोतरे बोलत. मुलाच्या साध्या अडखळण्याला मोठी माणसे दोष म्हणतात, मूल धास्तावते आणि तिथून तोतरेपणा सुरू होतो, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर डेव्हनपोर्ट गावच्या अनाथाश्रमात गेली. बावीस मुले निवडली. त्यांतली सहा चांगली बोलणारी मुले वेगळी काढली. त्यांना मुद्दाम सांगण्यात आले, "तुझ्यात तोतरेपणाची लक्षणं दिसतात. नीट बोलता येणार असेल तरच तोंड उघड." आश्रमातल्या शिक्षकांनाही खरे काय ते कळू दिले नाही. त्यांनाही तसेच पढवले आणि ती भाबडी माणसे मुलांच्या भल्यासाठी म्हणून त्यांना पदोपदी टोकू लागली.

मुले तोतरी झाली का? नंतरच्या संशोधकांनी जुन्या नोंदी तपासून सांगितले, की तसा पुरावा नाही. पण ती बोलायला कचरू लागली, एकेका शब्दापाशी थांबू लागली. ट्यूडरबाई पुन्हा आश्रमात गेल्या, मुलांची समजूत घालून पाहिली. गेलेला धीर काही सहजी परत येईना. त्यांचा प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली एका वृत्तपत्राने ही गोष्ट उजेडात आणली, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ साली आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलरची भरपाई मान्य केली. तोवर त्या मुलांचे केस पिकले होते.

जॉन्सन दुष्ट नव्हते हो. तोतऱ्या माणसांचे दुःख त्यांनी स्वतः भोगले होते. पण हेतू चांगला म्हणून दुसऱ्याच्या पोरावर, आणि तेही ज्याला आईबाप नाहीत अशा पोरावर, प्रयोग करण्याचा परवाना मिळत नाही. काय करणार, कशासाठी करणार, हे पालकांना समजेल अशा भाषेत सांगून त्यांची संमती घ्यायची, हा आज या व्यवसायाचा पहिला नियम आहे.

आपल्याकडे मोह असतो तो विक्रीचा. कानात यंत्र घातले, "येतंय ना ऐकू?" विचारले, पैसे मोजून घेतले, की झाले! ही तपासणी नव्हे. सचोटीचा तज्ज्ञ शांत खोलीत कान तपासतो, तपासणीचा आलेख तुमच्या हाती देतो आणि यंत्राची गरज नसेल तर तसे स्पष्ट सांगतो. यंत्र आवाज मोठा करते. लहान मुलाला ऐकायला आणि बोलायला शिकवावे लागते ते वेगळेच. म्हणून "महिन्याभरात बोलता करतो" अशी हमी देणाऱ्यापासून चार हात दूर राहा. आणि "मोठा झाला की बोलेल" म्हणून पालकांना परत पाठवणाराही तितकाच घातकी. भाषा रुजण्याची पहिली दोन-तीन वर्षे त्यात हातची जातात.

१९९२ च्या कायद्याने या तज्ज्ञांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हजार रुपये! एका यंत्राच्या किमतीपुढे ते काय? तेव्हा कायद्यावर विसंबू नका. नोंदणी क्रमांक स्वतः विचारा. खरा तज्ज्ञ रागावणार नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून या कामाची राष्ट्रीय संस्था आहे, अली यावर जंग यांच्या नावाची. तिथेही चौकशी करता येते.

गुरुजी, बाई, तुमच्या वर्गातले मूल अडखळत असेल तर त्याचे वाक्य त्याला पुरे करू द्या. ते फळ्याकडे तोंड असलेल्या माणसाचे ऐकत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर चार दिवस नुसते पाहा आणि पाहिले तेवढेच लिहा. बहिरा, तोतरा असे नाव त्याला देऊ नका. चिठ्ठी आईबापांच्या हातात द्या. वर्गात वाचू नका.